गायकवाडची एक ओळ

दहा वजा चार वजा तीन किती, असं विचारलं की आमचा गायकवाड न अडखळता "नऊ" म्हणायचा. आधी चारातून तीन गेले, राहिला एक. दहातून एक गेला, नऊ. गणित उजवीकडून सुरू करायचं असतं हे जगाला कळत नाही, त्याला तो काय करणार? मुलाच्या उत्तरावर बाईंनी फुली मारली तेव्हा तो रजा टाकून शाळेत गेला. "बाई, उत्तर बरोबर आहे, तुमची दिशा चुकलीय." बाईंनी मुलाला शिकवणी लावायला सांगितली.

हे सगळं एपीएल नावाच्या संगणकाच्या भाषेपायी. ऐंशीच्या दशकात अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात संगणक आला, आणि त्याच्या पाठोपाठ गायकवाड. मी हजेरी बघणाऱ्या टाइम ऑफिसात, तो शेजारच्या एसी खोलीत. बाकीचे लोक एकेक आकडा धरून पानंच्या पानं प्रोग्राम लिहायचे. गायकवाडची भाषा आकड्यांचा आख्खा तक्ता एकदम उचलायची, गोल फिरवायची, आडवा पाडायची, आणि तेही एकेका चिन्हात. त्रिकोण, गोळे, चांदण्या, बाण. कीबोर्डवर ही चिन्हं नव्हती, म्हणून त्यानं कागदाचे कपटे चिकटपट्टीनं डकवले होते. प्रिंटरलाही ती उमटवता येत नसत. तिथं रिकाम्या जागा सुटायच्या आणि गायकवाड लग्नपत्रिकांना हळदीकुंकू लावावं तशा भक्तीनं बॉलपेननं त्या भरत बसायचा.

सगळ्या कारखान्याचा महिन्याचा पाळ्यांचा तक्ता तो एका ओळीत काढायचा. "दुसरी ओळ लागली तर समजायचं, विचार कच्चा आहे." साहेब म्हणायचे, "गायकवाड, हे जरा समजावून लिहून ठेवा." हा म्हणायचा, "साहेब, ओळ वाचा ना, तिच्यातच सगळं आहे." साहेब ओळीकडे बघायचे, चष्मा पुसायचे आणि निघून जायचे.

बदलापूरला खरवईतल्या घरी त्यानं एपीएल मंडळ काढलं. अध्यक्ष तो. चिटणीस मी, कारण वहिनींचे पोहे. सभासद म्हणजे जवळच्या सिंधी वसाहतीतले, कॅम्प चारचे कापडवाले लच्छूमल. गायकवाडच्या सल्ल्यानं संगणक घेऊन फसल्यामुळे ते येत. तिघांच्या सभेत अहवालवाचन आणि आभारप्रदर्शन रीतसर व्हायचं. परदेशातल्या अशाच मंडळांची त्रैमासिकं यायची. एका चिन्हाचे दोन अर्थ असावेत की नसावेत यावर तिथली मंडळी वर्षानुवर्षं भांडत. "जगात आपण मूठभर आहोत," असं गायकवाड सांगायचा, जणू बाकीचं जग प्रवेशासाठी रांगेत उभं आहे. लच्छूमल एकदा म्हणाले, "साईं, हमारी सिंधी भी दाएँ से बाएँ लिखी जाती है. हमने तो मंडल नहीं निकाला."

नव्वदनंतर साहेबांनी पाळ्या लावायचं तयार पॅकेज बाहेरून घेतलं. मीटिंगमध्ये त्यांनी सरळ विचारलं, "तुमच्या ओळीत काही खास नियम असतील तर आत्ताच सांगा, यात घालून घेऊ."

गायकवाड टेबलाकडे बघत म्हणाला, "काही नाही. पाळ्या गोल फिरतात, एवढंच."

आपल्या ओळीला त्यानं ‘एवढंच’ म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. रुसलाय, असं आम्ही सगळे समजलो.

पॅकेजचा पहिला तक्ता लागला आणि बॉयलरवरचा तुकाराम भोईर माझ्या खिडकीशी आला. बायको वारलेली, घरी दोन मुली. "परबसाहेब, माजी रातपाली कशी काय आली? पोरी बारक्या हायेत."

"सगळ्यांना येते, तुलाही आली," मी म्हणालो.

काही महिने त्यानं मुलींना शेजारपाजारी ठेवून पाहिलं. शेवटी राजीनामा दिला. तो गेल्यावर साहेब आमच्यासमोरच चिडले. "मुलींचं मला कुणी बोललं का नाही? साधा अर्ज दिला असता तर दिवसपाळी लावून दिली असती!"

गायकवाडचा चेहरा उतरला. कॅन्टीनमध्ये तो मला म्हणाला, "परब, ओळीत मधे थोडी चिन्हं होती. भोईरची रात्र आली की ती चिन्हं त्याची पाळी बॉयलरवरच्याच एका सड्याफटिंगाशी बदलायची. त्या गड्याला रात्रच आवडायची. भोईरची बायको गेली तेव्हा घातली होती मी."

"मग साहेबांना सांगायचंस ना!"

"नाही म्हणाले असते तर? मग ओळीतूनही काढावं लागलं असतं."

"आणि मीटिंगमध्ये? त्यांनी तर तोंडानं विचारलं होतं."

"तेव्हा..." त्यानं कप बाजूला सारला. "सांगायची सवयच राहिली नाही रे. लिहिलं की झालं, असंच वाटायचं."

एका सुट्टीच्या दिवशी तो मला कॅम्प तीनमध्ये घेऊन गेला. तिथं एका जीन्सच्या कारखान्यात भोईर इस्त्री मारायला लागला होता. आम्हाला बघून तो हरखला, गल्लीच्या तोंडाशी नेऊन त्यानं चहा पाजला. "हितं बरं हाय, दिवसाचंच काम," तो म्हणाला. "पगार कमी, पन चालतंय. कंपनीत तवा इतकी वर्सं रातपाली आलीच नाय बगा. नशीब चांगलं व्हतं माजं."

मी गायकवाडकडे पाहिलं. आता तरी बोलेल असं वाटलं.

"हो," तो म्हणाला, "नशीबच." मग ग्लास खाली ठेवून त्यानं भोईरला मुलींची नावं विचारली. गायकवाडला ती आजवर माहीत नव्हती.