वितालीची लाकडी जाळी

घर उबदार ठेवायला अक्कल लागते, आणि ती आपल्याकडे भरपूर आहे, असं वितालीचं मत होतं. रशियातल्या पेर्म शहरात या पाच मजली इमारतीत नवा फ्लॅट घेतल्याबरोबर त्याने उन्हाळ्याची सगळी सुट्टी दिवाणखान्यातला रेडिएटर झाकण्यात घालवली. नक्षीदार लाकडी जाळी केली, खिळे ठोकले, वर गोंद ओतला! घरी येईल त्याला आधी जाळी दाखवायची, चहाचं नंतर बघू.

ऑक्टोबरात शहराने घरं तापवायला रेडिएटरांच्या पाइपांत गरम पाणी सोडलं. विताली मोठ्या ऐटीत जाळीवर हात ठेवून उभा राहिला. जाळी गार होती. फटीतून बोट घातलं, तर रेडिएटर त्याहून गार.

"शनिवारी आई येतेय," रिम्माने आठवण करून दिली.

बायकोने एवढं म्हणताच वितालीने दुसरं बोटही फटीत घालून पाहिलं. गेल्या वर्षी जुन्या घरात सासूबाई आवगुस्ता ल्वोव्हना अंगात कोट घालून जेवल्या होत्या, आणि जावई आपल्या पोरीला थंडीने मारतोय, असं गावभर सांगत सुटल्या होत्या. यंदा त्यांच्या तोंडून 'घर उबदार आहे' एवढं वदवून घ्यायचंच, असा त्याने चंग बांधला होता.

"खालच्या काकूंनी ऊब चोरलीय," त्याने जाहीर केलं. "फरशीखालून गुपचूप पाइप फिरवला असणार. मी ओळखतो असल्या माणसांना."

"तू त्यांना दोनदाच भेटलायस."

"पुरेसं आहे तेवढं."

तो तरातरा चौथ्या मजल्यावर गेला. क्लावदियाकाकूंनी दार उघडलं, तर अंगात फरचा कोट आणि पायात लोकरीचे बूट.

"ये रे बाळा, चहा घे. टोपी मात्र काढू नकोस."

विताली गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागला. फरशी बर्फासारखी.

"काही हरवलं का रे?"

"ऊब, काकू."

"ती तर आमचीही हरवलीय."

एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचा ट्राम ड्रायव्हर रुस्तम अंगावर घोंगडी घेऊन वर आला. त्याच्याकडेही तीच गत. सगळ्या मजल्यांना ऊब देणारा उभा पाइप पार तळमजल्यापर्यंत गार पडला होता.

"हवा धरलीय पाइपात," रुस्तम म्हणाला. "वरच्या टोकाला राहणाऱ्याने रेडिएटरवरची चावी फिरवून हवा सोडायची असते, म्हणजे खाली सगळ्यांना ऊब येते. दर वर्षी असंच करतात. आम्ही आपले वाट बघतोय."

जन्मभर तळमजल्यावर राहिलेल्या वितालीला ही रीत कुठून ठाऊक असणार? त्याचं रक्तच खवळलं.

"आणि हा लेकाचा खुशाल बसून राहिलाय? म्हाताऱ्या बाईला कुडकुडत ठेवून? चला, गचांडीच धरू त्याची!"

तो पुढे, रुस्तम आणि काकू मागे. पाचव्या मजल्यावर जिना संपला. त्या बाजूला दार एकच होतं, आणि पाटीवर नाव वितालीचं.

मागे कोणी हसलं नाही. काकूंनी तर नुसता खांद्यावर हात ठेवला, आणि तेच जास्त लागलं.

चावी होती जाळीच्या आत. रिम्माने पहार आणून दिली. गोंद इतका चोख बसला होता की जाळीबरोबर भिंतीचा कागदही सोलून आला. रुस्तमने चावी फिरवली, फुस्स करून हवा सुटली आणि मागोमाग काळं पाणी थेट वितालीच्या सदऱ्यावर. पण पाइप गुरगुरला, तापला, आणि आपल्या घरी परतलेल्या काकूंनी खालून आनंदाने पाइपावर पळी बडवली. वितालीला खरंच रडू आलं.

शनिवारी घराची भट्टी झाली होती. कमी करायची सोयच नाही, शहर देईल तेवढं घ्यायचं! सासूबाईंनी कोपऱ्यातला लाकडांचा ढीग पाहून "हे जाळायला काढलंत का?" असं विचारलं, तेही वितालीने गोड मानून घेतलं. सासूबाईंनी कोट काढला, मग शाल, मग स्वेटर.

"उबदार आहे ना, आई?" तो वाकून म्हणाला.

"जीव गुदमरतोय माझा," म्हणत त्यांनी खिडकी सताड उघडली आणि तिच्यापाशीच खुर्ची ओढून बसल्या.

संध्याकाळी त्या नाक पुसत धाकट्या लेकीशी फोनवर बोलत होत्या.

"अगं, पुन्हा तेच. बर्फाचा वारा नुसता घोंघावतोय या घरात!"