आप्पांना शत्रू पाहिजे

आमच्या आळीत शत्रू नसलेला माणूस शोधून सापडला नसता. गटारीवरून, बांधावरून, लग्नात टोपी-टॉवेल द्यायचा राहिला म्हणून, प्रत्येकानं आपापला एक शत्रू धरून ठेवला होता आणि त्याच्या जिवावर आयुष्य मजेत चाललं होतं. एकट्या दगडूआप्पांना शत्रू नव्हता. आणि त्याचंच त्यांना दुःख होतं.

"बबनराव, एखादा शत्रू बघा की माझ्यासाठी," असं ते मला सांगायचे, तेसुद्धा पोरीला स्थळ बघा म्हणतात त्या सुरात. "लई हुशार नको. निवांत बसणारा पायजे."

माझी शिरूरला पिठाची गिरणी. दिवसभर पट्ट्याच्या वरताण आवाज काढायचा, त्यामुळं घरीसुद्धा मी भांडल्यासारखाच बोलतो, असं आमच्या मंडळींचं म्हणणं. आप्पा गिरणीच्या मागच्या खोलीत राहायचे. मूळचे मांडवगण फराट्याचे, मिलिटरीतून पेन्शनीत निघालेले. मिलिटरी म्हटलं की लोक लगेच आदरानं सावरून बसायचे आणि विचारायचे, "कुठल्या लढाईत होता आप्पा?"

आप्पा कधी लपवायचे नाहीत. "लढाई न्हाई ओ. लांगरी होतो मी. जवानांचा सैपाक. उभ्या नोकरीत शत्रू न्हाई पायला. कांदा पायला."

पण तिथंच त्यांना हा नाद लागला. साहेब लोक म्हणे वाळूचं मैदान मांडायचे. वाळूचेच डोंगर, चुन्याच्या रेघेचा रस्ता, निळ्या दोऱ्याची नदी. एका बाजूला लाल पार्टी, दुसऱ्या बाजूला निळी. दोघं साहेब समोरासमोर बसायचे आणि तासन्‌तास लढायचे. आप्पा चहाची किटली घेऊन जायचे आणि हाकलेपर्यंत तिथंच उभे राहायचे. त्या वेळी स्वयंपाकघरात किती भात लागला असेल देव जाणे!

पेन्शनीत आल्यावर त्यांनी जुन्या पलंगाच्या चौकटीला खालून पत्रा ठोकला आणि त्यात घोडनदीची वाळू भरली. त्यांच्या बायकोला हे थेर पसंत नव्हते. त्या होत्या तोवर वाळू अंगणात होती. त्या गेल्या आणि वाळू घरात आली, खोलीच्या मधोमध. आप्पा भिंतीकडेला पथारी टाकून झोपायचे. मुलगा नागपूरकडं नोकरीला. त्याचा फोन आमच्या गिरणीत यायचा. "बरंय ना?" एवढंच विचारायचा, आणि आप्पांचं "बरं हाय" पुरतं व्हायच्या आत ठेवून द्यायचा.

फौज कशाची? तर कडधान्याची. लांगरीच तो, दुसरं काय सुचणार! लाल पार्टी लाल घेवड्याची. निळं कडधान्य काही देवानं केलेलं नाही, म्हणून काबुली चणे निळे समजायचे. "समजायचं, बबनराव. लढाईत समज लागती." पावसाळ्यात चण्यांना भुंगा लागला की आप्पा गंभीर तोंड करून सांगायचे, "निळ्या पार्टीत साथ आली." मग ती मेलेली पलटण डब्यातून माझ्याकडं दळायला यायची. एकदा तर आमची तलंग कोंबडी दारातून आत शिरली आणि लाल पार्टीची सगळी डावी बाजू खाऊन गेली. मी माफी मागायला गेलो, तर आप्पा खुशीत. म्हणाले, "झक्कास हल्ला केला. मला पत्ताच न्हाई."

दुसऱ्या बाजूला बसवायला त्यांनी कोणाकोणाला आणलं नसेल? सलूनवाला चंदू आला. तो हात वाळूत घालून तोंडानं राजकारण लढायचा. एकदा खुटबावचे एक पाहुणे आले होते, जन्मभर मेंढरं राखलेली. त्यांना बसवलं. त्यांनी सगळे चणे एका कोपऱ्यात गोळा केले, भोवती काडेपेटीच्या काड्यांचं कुंपण केलं आणि तपकीर ओढत बसले.

"पाव्हणं, हलवा की," आप्पा म्हणाले.

"आता न्हाई. दिस कलला. आता बाहीर काढली तर लांडगं हायेत."

आप्पांनी दोन दिवस वाट बघितली. पाहुण्यांनी एक चणा बाहेर काढला नाही.

मीही एकदा शत्रू झालो. गिरणीत गिऱ्हाईक खोळंबलेलं, म्हणून सगळी फौज दोन्ही हातांनी एकदम पुढं लोटली आणि म्हटलं, "घ्या, हरलो. जाऊ का?" आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मी जेवताना ताटावरून उठलोय. "तुम्ही लढत न्हाई, बबनराव," ते म्हणाले. "तुम्ही उरकता."

तर एका दुपारी आप्पा डबा घेऊन गिरणीत बसले होते. मी पीठ बांधायला ठेवलेल्या रद्दीतला परवाचाच पेपर ते वाचत होते. एकदम उभे राहिले आणि गिरणीच्या आवाजावर ओरडले, "बबनराव! पुण्यात शत्रू हायेत!"

पेपरात चार ओळी होत्या. पुण्यात एका हॉलमध्ये टेबलावरच्या लढायांचं प्रदर्शन, सोबत सामानाचे स्टॉल, येत्या रविवारी, प्रवेश सर्वांना. मला गिरणीचा पट्टा आणायला पुण्याला जायचंच होतं. नाहीतर मी कशाला त्या भानगडीत पडतोय! आप्पा रविवारी पहाटेच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून दारात. सगळ्या आळीला सांगून आले होते की शत्रू बघायला चाललोय.

हॉलमध्ये गेलो आणि आम्ही दोघंही दारातच थांबलो. टेबलंच टेबलं. त्यावर हिरवे डोंगर, पूल, पडकी घरं, आणि नखाएवढे शिपाई, हजारोंनी. नखाएवढ्या शिपायाला मिशी होती! टेबलाभोवती जीन्स घातलेली मोठी-मोठी माणसं, कॉलेजची पोरं, फीतपट्ट्या घेऊन शिपायांची पावलं मोजत होती, फासे टाकत होती, इंग्रजीतून हळहळत होती. आप्पांनी माझा दंड धरला. "एवढी माणसं," ते म्हणाले. "आन् आपल्याला वाटायचं, आपण एकटंच येडं."

पण प्रत्येक टेबलाला आधीच दोन बाजू होत्या. ठरवून, जोडीनं आलेले सगळे. आप्पा प्रत्येक टेबलापाशी थोडा वेळ उभे राहायचे, कोणी मान वर करतंय का बघायचे आणि पुढं सरकायचे. शेवटी भिंतीकडेच्या स्टॉलांवर आले.

पहिल्या स्टॉलवर डोंगर विकायला होते आणि नदी फुटावर. आप्पांनी नदी बोटानं दाबून बघितली. "दोन फूट घोडनदी केवढ्याला?" त्या माणसानं ही नदी कुठल्याही देशात चालते म्हणून सांगितलं. दुसरीकडं झाडं होती. "बाभळ हाय का?" नव्हती. "लिंब?" तोही नव्हता. "युरोपातली आहेत, काका," स्टॉलवाला म्हणाला. आप्पा माझ्या कानाशी म्हणाले, "आपल्याकडं जगायची न्हाईत. पाणी कुठंय?" पुढं रंगाच्या बाटल्या, तीन केसांचा ब्रश, भिंग, तोफा, उंट, मेलेले घोडे वेगळे, जिवंत वेगळे.

शेवटच्या स्टॉलवर एक चष्मेवाली मुलगी शिशाचे शिपाई मांडून बसली होती. चांगली होती पोरगी, हसून म्हणाली, "काय पाहिजे, आजोबा?"

"शत्रू पायजे."

ती गोंधळली नाही. खालून दोन खोकी काढली. "जर्मन देऊ का फ्रेंच?"

"जिता पायजे, बाई."

मला हसू आवरेना. पण त्या मुलीनं आप्पांच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि ती हसायची थांबली. "थांबा हां," म्हणाली आणि गर्दीत गेली. येताना एका उंच पोराला घेऊन आली. निखिल त्याचं नाव. कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला. त्याचा जोडीदार आलाच नव्हता आणि तो टेबल मांडून एकटाच बसला होता.

"बसा अंकल," निखिल म्हणाला. "लाल तुम्ही, निळा मी."

आप्पांनी खुर्चीवर बसण्याआधी टेबलाला हात लावून तो हात छातीला लावला.

फासा टाकायचा, पाच किंवा सहा पडला तर समोरचा मेला, एवढे नियम त्यांना समजले. बाकीचे निखिल सांगायचा आणि आप्पा "व्हय, व्हय" म्हणायचे. आणि काय सांगू, त्या दिवशी फासा आप्पांवर काय भाळला होता! टाकला की सहा. निखिल डोकं धरायचा, "अंकल, कमाल करताय!" मग दोन्ही कोपर टेबलावर टेकून विचारात पडायचा. ओठ चावत आप्पांच्या तोफेकडं बघायचा. हॉलमधली चार पोरं येऊन उभी राहिली. आप्पांच्या तोंडावर मी कधी न बघितलेलं तेज आलं होतं. पट्ट्याचं दुकान बंद होईल, हे मी पार विसरलो.

दुपार कलली तेव्हा निखिलकडं एक पूल आणि त्यावर मूठभर निळे शिपाई उरले. आप्पांचे घोडेस्वार अगदी समोर. एकदा पुढं घातले की संपलं.

आप्पांनी घोडे मागं घेतले.

"घोड्यास्नी पाणी पाजायचं हाय," ते म्हणाले.

निखिल हसला. पुढच्या पाळीला आप्पांनी तोफ वळवून डोंगराकडं केली. "तापली हाय. निवू द्या." त्याच्या पुढच्या पाळीला अख्खी पलटण झाडीत नेऊन बसवली, जेवायला. उभी राहिलेली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. म्हाताऱ्याला नियम कळले नाहीत, असं त्यांना वाटलं. पोरं पांगली. मलाही तसंच वाटलं आणि मी रागानं कुजबुजलो, "आप्पा, अहो घाला की घोडं! जिंकलाय तुम्ही!"

आप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तेवढ्यात माईकवरून हॉल बंद होत असल्याचं सांगितलं. निखिलनं घड्याळ बघितलं. भला पोरगा. त्यानं पुलावरचे आपले शिपाई आपल्याच हातानं आडवे केले आणि हात पुढं केला. "अंकल, मानलं. तुम्ही जिंकलात!"

जिंकलेल्या माणसाचं एवढं पडलेलं तोंड मी दुसरं बघितलं नाही. निखिल एकेक शिपाई स्पंजच्या खाचेत बसवत होता, आणि आप्पा समोर नुसते बसून.

"परत कवा?" त्यांनी विचारलं.

"बघू ना, अंकल," निखिल म्हणाला, पेटी बंद केली आणि मान लववून गेला. आपण रोज दहा वेळा 'बघू' म्हणतो, पण त्या दिवशी मला त्या शब्दाची चीड आली.

परतीच्या एस.टी.त आप्पा खिडकीशी बसले होते. वाघोली मागं पडली. शेवटी मला राहवलं नाही.

"आप्पा, तुम्ही मुद्दाम मागं सरलात ना?"

"जिंकलं की माणूस उठून जातं, बबनराव."

गिरणीवाल्याला असल्या वेळी हळू बोलता येत नाही. मोठ्यानं म्हटलं, "उद्यापासून मी येतो. रोज संध्याकाळी, गिरणी बंद केली की. उरकणार नाही. शप्पथ."

ते हसले, पण मान हलवली. "तुम्ही यायला नको. तुम्ही माझ्यासाठी याल. त्यो पोरगा त्याच्यासाठी बसला हुता. त्याला जिंकायचं हुतं."

"म्हणून काय झालं?"

"आख्खी दुपार त्यो माझ्या हाताकडं बघत हुता." आप्पांनी आपला हात मांडीवर उलटा करून बघितला, पिठाचा, कांद्याचा, वाळूचा हात. "आता हे म्हातारं काय करंल, कुठं हात घालंल, ह्याची त्याला काळजी लागली हुती. खरी काळजी, बबनराव. सकाळी उठून मी काय करणार, ह्याचा इचार कुणाला तरी पडावा, एवढंच वाटतं. घरच्याला पडत न्हाई. मग शत्रूला तरी."

शिक्रापूरला गाडी थांबली. माणसं उतरली, माणसं चढली. आप्पा पुन्हा बाहेर बघायला लागले. त्यांचा हात मांडीवर तसाच उताणा पडला होता, आणि शिरूर येईपर्यंत मी त्याच्याकडं बघत होतो.