लोरेटाचं हमखास मत

मतदानाला बायकोबरोबर न जाता आपण एकट्याने, दिमाखात जायचं असं मी ठरवलं, आणि लोरेटाच्या निवडणुकीचा निकाल तिथेच लागला. लोरेटा म्हणजेच बायको. गावातलं एकुलतं वाचनालय बंद पडू नये म्हणून ती त्याच्या मंडळासाठी उभी होती. घरचं मत तरी हमखास आहे, असं बिचारी समजत होती.

आमच्या टेक्सासात मत द्यायला फोटोचं कार्ड लागतं. पिस्तुलाचा परवाना चालतो, कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही. यावरून जेवताना आमची रोज जुंपायची.

"कार्ड दाखवलं तर प्रामाणिक माणसाचं काय बिघडतं?" मी विचारायचो.

"मग पिस्तूल घेताना चार कागद जास्त दाखवले तर काय बिघडतं?"

"तो हक्क आहे, लोरेटा."

"आणि मत काय, चर्चमधलं फुकटचं जेवण आहे?"

यावर मी तोंडात मक्याचा पाव कोंबायचो (तोंड भरलेलं असलं की हरल्यासारखं वाटत नाही).

मतदानकेंद्रात पिस्तूल नेता येत नाही. म्हणून कुरकुरत मी ते कमरेचं काढलं, नेहमीच्या सवयीने परवान्यासकट, पाकिटासकट गाडीच्या खणात ठेवलं आणि ऐटीत दार आपटलं. किल्ली आत. फोनही आत.

टेबलाशी माझी मेव्हणी ओपल बसली होती.

"भावोजी, कार्ड दाखवा."

"अगं, तू माझ्या लग्नात नाचली होतीस."

"तेव्हाच मागायला हवं होतं. बरं, तात्पुरतं मत देऊन जा. आठवड्याभरात कार्ड आणून दाखवलंत की मोजतील."

ही पळवाट बंद करा, म्हणून मी न्हाव्याच्या दुकानात घसा कोरडा करत आलेला माणूस. आता ती कुठल्या तोंडाने घेणार? "मी काही तात्पुरता नागरिक नाही," असं बाणेदारपणे सांगून मी दुसरी किल्ली आणायला भर उन्हात पायी घरी निघालो. परत पोचलो तेव्हा मतदान संपलं होतं.

लोरेटा एका मताने पडली.

ती घरी आली तेव्हा मी जीव मुठीत धरून बसलो होतो. वाईटही खरंच वाटत होतं. ती मात्र शांतपणे माझ्यासमोर बसली.

"वेंडेल, तुझं म्हणणं पटलं मला," ती म्हणाली. "कार्डाच्या नियमामुळे नालायक माणसं मतदानापासून लांब राहतात."