तुंब्यातला कोळसा

केनियातल्या केरिचोच्या चहा कारखान्यातला बॉयलर ज्याने जन्मभर कह्यात ठेवला, त्या तंत्रनिकेतनात शिकलेल्या माणसाला एक तान्हा नातू शांत ठेवता येऊ नये? अशक्य! मी स्प्रिंग आणि पट्ट्या जुळवून स्टँडच बनवला. नातू किमुताई पाळण्यात झोपला, की दुधाची बाटली आपोआप त्याच्या ओठांशी! दुपारभर तो झोपेतच चोखत राही. सून म्हणे, "बाबा, कमाल आहे तुमची!"

मग एके सकाळी किमुताई खुदकन हसला आणि माझ्या हातचा कप निसटला. त्याच्या वरच्या दोन्ही दातांवर तपकिरी डाग!

"तापलेलेई!" बायकोचे नाव घेत मी कडाडलो. "तुझ्या तुंब्यातला कोळसा लागलाय पोराला!"

तुंबा म्हणजे वाळक्या भोपळ्याचे भांडे, तिचा अभिमान. जळक्या लाकडाने तो आतून घासून ती त्यात दूध मुरवते.

"अहो इंजिनियर! हेच दूध तुमच्या आईनं तुम्हाला पाजलं. तेव्हा नाही बाधला कोळसा?"

"थांब, पुसूनच दाखवतो!"

मी फडके घेतले. डाग हलेना. किंचित जोर दिला आणि फडक्यावर दाताचा कपचा आला! बॉयलर फुटता तरी मी इतका किंचाळलो नसतो.

आम्ही दवाखान्यात धावलो. काखेत पुरावा म्हणून तुंबा!

दातांच्या डॉक्टर चेलांगात यांनी तुंब्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "झोपेत बाटली तोंडात असते का याच्या?"

"असते! माझा स्वतःचा शोध आहे!"

"दुधातही साखर असते, आजोबा. झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांवर साचून राहतं. तोंडातले जंतू ती साखर खाऊन आम्ल करतात, आणि आम्लानं दात विरघळतो."

"जंतू? बाटली मी उकळून घेतो! शिवाय प्रत्येक वेळी निपल स्वतः चोखून दूध तपासतो!"

तापलेलेई माझ्याकडे बघतच राहिली.

"आ करा," डॉक्टर मला म्हणाल्या. त्यांनी आत डोकावले आणि त्यांचा चेहरा पडला. "अरे देवा! जंतूंचा कारखाना तर इथे आहे! हेच निपलवाटे बाळाच्या तोंडात जातात!"

किमुताईचे दात वाचले. त्यांवर औषध लावले. कीड थांबेल, पण डाग मात्र कोळशासारखे काळे राहतील, असे डॉक्टरांनी बजावले.

"बघा," तापलेलेई म्हणाली, "डॉक्टरीणबाईही काळं फासूनच दात राखतात!"

मी तावातावाने उत्तर दिले, पण ऐकू आले फक्त 'ऊं ऊं'. माझी किडकी दाढ नुकतीच उपटली होती आणि तोंडात कापूस होता.

स्टँड मात्र वाया गेला नाही. त्यावर तिचा तुंबा उत्तम वाळतो!