किटलीतली तांबडी

बूच अर्धं बाटलीत, अर्धं जावयाच्या हातात.

बाहेर टेबलाशी सासूबाई आणि सासरे येऊन बसले होते. सासरे म्हणजे जन्मभर चहाच्या कंपनीत चव पारखण्याची नोकरी केलेला माणूस. जावई दर रविवारी हौसेने रांधायचा आणि सासरे जेवून उठताना म्हणायचे, "हं." त्या "हं"च्या पुढे एखादा शब्द निघावा, एवढीच त्याची इच्छा. म्हणून आज ओव्हनमध्ये मटण भाजत ठेवलं होतं आणि जोडीला आणली होती फ्रान्सची, पण खिशाला झेपणारी तांबडी वाइन. "भाजक्या मटणाशी हिचं मस्त सूत जुळतं," असं दुकानदाराने छातीठोक सांगितलं होतं.

"ढकल आत," बायको म्हणाली.

सुरीने ढकललं. गेलं, पण भुगा होऊन.

"आता गाळ."

घरात गाळणी एकच, चहाची. तोटीचं रिकामं भांडंही एकच, किटली. शेवटचा थेंब किटलीत पडला आणि दोघांनी एकदमच नाक वर केलं.

मटण!

"करपलेली बाजू खाली ठेव," बायको कुजबुजली.

"खालची तर त्याहून काळी आहे."

तसंच वाढलं. सासऱ्यांनी पेला नाकाशी नेला. फुर्रर्र करून घोट ओढला, गालांत घोळवला, उठले, बेसिनपाशी गेले आणि थुंकून परत आले.

जावयाचा चेहरा पडला.

"अरे, चांगल्या चहाचंही ते हेच करतात," बायको त्याच्या कानात म्हणाली. "वाईट असला तर नुसत्या वासावर सरकवून देतात."

तेवढ्यात सासूबाईंनी आपला कप पुढे ओढला आणि किटलीतून भरून घेतला. त्यांना कोण अडवणार? सगळे सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"तुरटपणा नेमका आहे," सासरे म्हणाले. "आणि मागून चहाचा वास येतोय."

"फ्रेंच आहे, बाबा," जावई म्हणाला.

"हं."

मटणाचा तुकडा, वर घोट, बराच वेळ चर्वण. पुन्हा बेसिन. जावई त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. परत येऊन त्यांनी तिसरा घोट घ्यायला किटली वाकडी केली. आणखी वाकडी केली. मग झाकण काढून आत बघितलं.

"चहा समजून प्यायलीस की काय?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"पहिल्या घोटातच कळलं मला," सासूबाई रुमालाने ओठ टिपत म्हणाल्या. "एवढी वर्षं चहावाल्याशी संसार केलाय. तुम्ही थुंकत बसलात, मी कपामागून कप गिळत होते."

"आई, आणि मटण?" जावयाने चाचरत विचारलं.

"करपलंय, बाळा. नुसतं खाववत नाही. पण हिच्या घोटाबरोबर मात्र बहार आहे. मी तीन तुकडे खाल्ले."

सासऱ्यांनी रिकामा पेला एकदा उलटा धरला, पुन्हा सुलटा केला. मग सासूबाईंकडे बघून, रुसलेल्या पोरासारखे म्हणाले, "गिळायला म्हणून माझ्यासाठी घोटभरही नाही ठेवलीस?"

जावयाने सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि पायांत चपला अडकवून तो दुकानाकडे पळत सुटला.