पंपाच्या स्वारीत ‘नाहीतर’ सर केल्याची हकीकत

श्रीमंत राजमान्य मॅनेजरसाहेबांचे सेवेशी दंडवत. आज्ञा जाली की, रस्ट नामे नव्या संगणकभाषेच्या मुलखात सुभेदारांनी पंपाची जी मोहीम केली, तिची साद्यंत हकीकत लिहावी. त्यास, घडले ते पदरचे काही न घालता लिहितो. कोठे घातले असेल तर प्रसंगच तैसा होता.

सुभेदार म्हणजे आमचे हापिसातील ज्येष्ठ प्रोग्रामर. असामी मोठी, खुर्ची त्याहून मोठी, आणि हयात जुन्या भाषेच्या चाकरीत गेलेली. गच्चीवरील टाकीचा पंप चालू-बंद करणारा प्रोग्राम नव्या भाषेत लिहून दुपारी गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवावा, ऐसा विडा त्यांनी उचलिला, आणि आधी भाषा शिकावी ऐसे कोणी सुचविताच म्हणाले, “‘जर’ म्हणजे ‘जर’. त्यात शिकायचं काय?”

मग तीर्थरूपांचा फोन आला. त्यांचे डोळ्याचे ऑपरेशन जाले होते आणि चार वाजता दवाखान्यात पट्टी सुटणार होती. सुभेदारांनी नेहमीचे फर्मान सोडिले की, वेळ मिळाला तर येतो. तिकडून विचारणा जाली, “आणि नाही मिळाला तर?” त्यावर मीटिंगची सबब सांगोन फोन ठेविला. मीटिंग नव्हती.

मग ‘टाकी भरली तर बंद’ ऐसे कलम लिहिले, आणि त्याचे जे उत्तर येईल तीच पंपाची स्थिती समजावी ऐसा बंदोबस्त करून प्रोग्राम कंपायलराकडे रवाना केला. कंपायलर म्हणजे प्रोग्राम तपासून मगच आत सोडणारा वेशीवरचा अंमलदार. वशिला ओळखत नाही, सबब हापिसात कोणास आवडत नाही. जुन्या मुलखात ‘जर’ हा नुसता हुकूम होता. येथे त्याने उत्तर द्यावे लागते, आणि ते दोन्ही प्रसंगी. अंमलदाराने तांबड्या अक्षरांत जाब पुसिला की, भरली तर बंद हे पावले, न भरली तर काय? सुभेदार म्हणाले, न भरली तर न भरली, याला नसती पंचाईत कशाला?

शेजारच्या मेजावरील सहकारी बाईंनी मान वर न करिता सांगितले, “सर, त्याला दुसरी बाजू हवीये. ‘नाहीतर’ लिहा.”

मग सुभेदारांनी नाहीतरच्या घरात ‘बघू’ हा शब्द घातिला; याच एका शब्दावर त्यांनी आजवर बायको, मॅनेजर आणि बँक यांस थोपविले होते. अंमलदाराने तोही फिरविला, की एका बाजूस पंपाची स्थिती आणि दुसऱ्या बाजूस नुसते शब्द हे चालणार नाही, दोहींकडे एकाच प्रकारचा ऐवज पाहिजे. सुभेदारांनी कीबोर्ड आपटिला, चहा मागविला, कंपायलराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि मग नाक मुठीत धरून ‘नाहीतर चालू’ ऐसे लिहिले. वेस उघडली.

विजयाच्या भरात त्यांनी तीर्थरूपांस आपण होऊन फोन केला. “बाबा, वेळ मिळाला तर येतो, नाहीतर टॅक्सी पाठवतो.” आपण थोर मुत्सद्देगिरी केली ऐसे त्यांस वाटले.

“पाठव की,” तीर्थरूप म्हणाले. “पण पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा बघू कुणाकडे? ड्रायव्हरकडे?”

एका बाजूस पुत्र आणि दुसऱ्या बाजूस टॅक्सी, हा ऐवज एका प्रकारचा नव्हे, हे ताज्या मारामुळे सुभेदारांचे ध्यानी आले. म्हणाले, “येतो. वेळ नाही मिळाला तरी येतो.” आणि गिऱ्हाइकाची आघाडी बाईंचे हवाली करून निघाले.

येणेप्रमाणे फत्ते जाली. बाईंनी पंप चालवून दाखविला, टाकी भरताच तो थांबला, गिऱ्हाईक राजी जाले. चार वाजता पट्टी सुटली. तीर्थरूपांनी पुत्राचे मुखाकडे पुष्कळ वेळ पाहिले आणि विचारिले, “अरे, तुझे केस कधी पांढरे झाले?” पंपाचा विजय दप्तरी सुभेदारांचे नावे मांडिला आहे. दुसऱ्या विजयाची नोंद ‘अर्धा दिवस रजा, बिनपगारी’ ऐशी जाली. हे साहेबांस विदित असावे.