दाढेवरची कॅप

विमान धावपट्टीवर टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं, पुन्हा उसळलं, आणि तिसऱ्यांदा असं आपटलं की शेजारी बसलेल्या कॅप्टनसाहेबांच्या तोंडातून 'कट्' असा आवाज आला.

"काय मोडलं, सर?" विमान चालवणाऱ्या, दातांच्या डॉक्टरीणबाईंनी घाबरून विचारलं.

साहेबांनी तळहात पुढे केला. "विमानाचं काही नाही. माझं." दाढेवरची कॅप होती ती.

बाईंनी चाळिशी उलटल्यावर साहेबांकडे विमान चालवणं शिकायला घेतलं होतं. उडवणं महिन्याभरात जमलं, वळवणंही जमलं. उतरवणं मात्र चार महिने जिथल्या तिथं. "नाकासमोरची जमीन बघू नका, धावपट्टीच्या टोकाकडे बघा, हात आवळू नका!" ओरडून ओरडून साहेबांचा घसा बसला. पण जमीन जवळ आली की बाईंची नजर तिला चिकटायचीच. दिवसभर लोकांच्या जबड्यात डोकावणाऱ्या बाईला लांबचं बघायची सवय कुठून असणार!

"येत्या रविवारी जमलं तर एकटीनं उडायचं," साहेब गाल धरून म्हणाले. "नाही जमलं तर तीन महिने सुट्टी. मलाही जीव आहे, बाई."

तीन महिने! बाईंचा चेहराच पडला. तरी डॉक्टरचा धर्म सुटेना. "उद्या दवाखान्यात या, सर. कॅप बसवून देते."

"छे, दुखत कुठंय?" म्हणत साहेबांनी खाली उतरून गार पाण्याचा घोट घेतला आणि ते जागच्या जागी थुईथुई नाचले.

सोमवारी ते मुकाट्यानं आले. वादळात विमानं उतरवलेला माणूस, पण खुर्ची मागे कलली आणि त्यांनी दोन्ही हात आवळले. छोटा आरसा तोंडाजवळ आला की डोळे त्याच्यावर खिळत आणि जबडा खाडकन मिटे. बाईंचं बोट दोनदा दातांत सापडलं.

"माझ्या हाताकडे नका हो बघू!" बाई शेवटी कळवळल्या. "जवळ बघितलं की अंग आखडतं. खिडकीतून ते लांबचं झाड बघा. हात सैल सोडा. बाकीचं आपोआप होतं."

साहेबांनी झाड बघितलं. जबडा सैल पडला, कॅप बसली. आणि एकाएकी, तोंडात कापसाचा बोळा असतानाच, ते हातवारे करत "हे ओ! हे ओ!" करू लागले. दुखतंय असं वाटून बाईंनी आणखी एक बोळा कोंबला. साहेबांनी दोन्ही बोळे उपटून काढले.

"अहो, हेच मी चार महिने सांगतोय!"

बाई आरसा धरून तशाच उभ्या. "पण अंग आखडतं म्हणून, हे कुठं सांगितलंत, सर?"

"मला तरी आत्ताच कळलं!"

रविवारी बाईंच्या सासूबाईही विमानाच्या मैदानावर आल्या. साहेबांना शेजारी घेऊन बाईंनी तीनदा विमान अलगद उतरवलं. चौथ्यांदा साहेबच खाली उतरले. "जा, एकट्या."

विमान वर गेलं तसे कुंपणाशी बसलेल्या सासूबाईंनी डोळे गच्च मिटले आणि देवाचं नाव सुरू केलं. बाईंनी एक फेरी मारली, लांब टोकाकडे बघितलं, हात सैल सोडले. चाकं कधी टेकली ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. विमान थांबवून त्या धावतच कुंपणाशी आल्या.

"आई, डोळे उघडा. उतरले मी!"

"उगीच फसवू नकोस," डोळे तसेच मिटून सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्यानं सांगितलंय मला, आधी दणका होतो."